वचनाची वहिवाट

नाथान संदेष्टा दावीद राजाकडे एक फिर्याद घेऊन गेला. एका नगरात दोन माणसे. एकाकडे गुरेमेंढरे भरपूर, दुसऱ्याकडे लेकरासारखी वाढवलेली एकच मेंढी. श्रीमंताकडे पाहुणा आला आणि त्याने स्वतःच्या कळपाला हात न लावता गरिबाची मेंढी कापली. दावीद संतापला आणि निकाल देऊन मोकळा झाला. मेंढीची चौपट भरपाई त्याने सांगितली, आणि निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात चोरलेल्या मेंढराबद्दल भरपाई चौपटच आहे. म्हणजे राजाने गोष्ट लक्षपूर्वक ऐकली होती, तिचा अर्थ बरोबर लावला होता, नियमशास्त्रही त्याला तोंडपाठ होते. दुसऱ्याची बायको बळकावणारे आपण, म्हणजे गोष्टीतला तो श्रीमंत आपणच, एवढे एक त्याच्या ध्यानात आले नव्हते. ते नाथानाला सांगावे लागले.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला हा बारावा अध्याय मी मुद्दाम दारातच ठेवला आहे. पवित्र शास्त्राच्या अभ्यासाच्या शाखा पुष्कळ आहेत. मूळ भाषा, हस्तलिखिते, इतिहास, पुरातत्त्व, ईशज्ञान. प्रत्येकीला तिचे ग्रंथ आहेत, प्राध्यापक आहेत, परीक्षा आहेत. रविवारी वाचलेला उतारा सोमवारी दुकानात, शेतात, स्वयंपाकघरात कसा उतरतो, या प्रश्नाच्या वाट्याला मात्र बहुधा उपदेशाची शेवटची पाच मिनिटे येतात. तोवर मुले चुळबुळू लागलेली असतात आणि घड्याळाकडे बघणाऱ्यांत वडीलधारेही असतात. या प्रश्नाचा शिस्तशीर अभ्यास करता येतो. जगात तो झाला आहे आणि मराठीतही झाला आहे, फक्त त्याच्यावर कुणी पाटी लावली नाही. या पुस्तकात त्याला ‘उपयोजन’ म्हटले आहे. शब्द जरा पाठ्यपुस्तकी आहे, पण वापरला की रुळेल.

या अभ्यासाला हिब्रू किंवा ग्रीक यावे लागत नाही. येत असेल तर उत्तम. पण दावीदाला हिब्रू येत होतेच. संडे स्कूल घेणारी शिक्षिका, रेल्वेतून निवृत्त झालेले मंडळीचे वडील, लग्न होऊन नुकतीच या घरात आलेली आणि कौटुंबिक उपासनेत पहिल्यांदा मोठ्याने वाचायला बसवलेली सून, यांच्यासाठी हे पुस्तक आहे. पाळकांनी वाचले तर त्यांनाही उपयोग होईल. ख्रिस्ती नसलेला वाचक कुतूहलाने आत आला, तर त्याचे मनापासून स्वागत आहे. धर्मग्रंथ हातात धरून जगू पाहणाऱ्या माणसाचे हाल कीर्तन ऐकणाऱ्या, पारायण करणाऱ्या, कुराण पढणाऱ्या शेजाऱ्याला नवे नाहीत.

हे मलकापुरातून का लिहावे, असे कुणी विचारेल. नळगंगेकाठचे, मुंबईहून नागपूर-हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भुसावळ आणि शेगाव यांच्यामधले हे कापसाचे गाव. ख्रिस्ती वस्ती मोजकी. पण वऱ्हाड-खानदेशात अलायन्स मिशनची जी केंद्रे उभी राहिली, त्यांत मलकापूरही होते. या मिशनचे वऱ्हाडातले मूळ ठाणे अकोला. तिथून मार्क फुलर आणि जेनी फुलर या दांपत्याने कामाचा पाया घातला, आणि जेनी फुलर यांनी हिंदी स्त्रीच्या दुःस्थितीवर लिहिलेले पुस्तक १९०० साली निघाले. बुलडाणा जिल्ह्याच्या वरच्या भागात आणि वाशीमकडे नाझरीन मंडळीचे काम वाढले. वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय त्यांचे. यवतमाळात फ्री मेथडिस्ट. तिथेच १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. विद्यालय पुण्याला गेले तरी प्रश्न इथेच राहिले, असे मी कधी कधी गमतीने म्हणतो. त्यात थोडा सल आहे, नाही असे नाही.

या मंडळ्यांनी वऱ्हाडाला शास्त्र वाचण्याची एक विशिष्ट सवय लावली. अलायन्सचे संस्थापक ए. बी. सिम्पसन यांची शिकवण चार पदरी: ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा. त्यामुळे आमच्याकडे उतारा उघडला की पहिला प्रश्न येतो तो ‘माझ्यासाठी यात काय आहे’ हा. प्रश्न वाईट नाही. त्याच्या बळावर दुष्काळात अनाथ झालेली मुले वाढली, व्यसने सुटली, बायका लिहायला-वाचायला शिकल्या. पण या प्रश्नात एक खाच आहे. तो वाचकाला नेहमी घेणाऱ्याच्या जागी बसवतो. या पुस्तकाचा सारा आग्रह प्रश्न थोडा हलवण्याचा आहे: या उताऱ्यात मी कुठे उभा आहे? नाथानासमोर दावीद उभा होता, मेंढीवाला उभा नव्हता. आणि उतारा वाचताना आपण सगळे स्वतःला मेंढीवालाच समजतो.

मराठीत या अभ्यासाची परंपरा शोधायला गेले की आधी भाषांतरांचा इतिहास समोर येतो. विल्यम कॅरी यांच्या बंगालातल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत निघाला, पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनने आपले भाषांतर केले, सुधारणा होत गेल्या. तो इतिहास इतरांनी चांगला लिहिला आहे. मला जास्त रस आहे तो वाचून काय केले गेले यात. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी शास्त्रावर टीका लिहिल्या आणि त्याच हाताने १८५७ साली विधवांच्या हालअपेष्टांवर ‘यमुनापर्यटन’ लिहिले. साहित्याचे अभ्यासक कादंबरी घेतात, मंडळी टीका घेते, आणि दोन्ही पुस्तके दोन वेगळ्या कपाटांत जातात. ती एका कपाटात ठेवून पाहावीत. अनाथ आणि विधवा यांच्या कैवाराविषयी शास्त्रात वाचलेल्या माणसाने आपल्या गावातल्या विधवेकडे पाहिले, तर काय लिहील, याचे उत्तर त्या कादंबरीत आहे.

सर्वांत लख्ख उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८३ साली त्या इंग्लंडात वाँटेज इथल्या भगिनींकडे राहत होत्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथील आपले काम पाहायला पाठवले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे आसरा दिला जात होता. अशा स्त्रियांविषयी दया दाखवणारे, त्यांची सेवा करणारे लोक रमाबाईंनी तोवर पाहिलेले नव्हते. त्यांनी विचारले, हे तुम्ही का करता? उत्तरादाखल त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची हकिगत ऐकायला मिळाली. भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. रमाबाईंनी हे सारे पुढे आपल्या साक्षीत स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इथे क्रम पाहण्यासारखा आहे. रमाबाईंनी आधी उपयोजन पाहिले आणि मग उतारा ऐकला. काम समोर दिसत होते, त्याचे कारण शास्त्रात सापडले. आपली पाठ्यपुस्तके उलटा क्रम शिकवतात: आधी अर्थ, मग तत्त्व, शेवटी आचरण. प्रत्यक्षात माणसे अनेकदा आचरणाच्या दारानेच अर्थात शिरतात. पुढे केडगावला मुक्तिसदन उभे राहिले तेव्हा तिथे ‘कृपासदन’ही झाले, फसवल्या गेलेल्या, टाकलेल्या स्त्रियांसाठी. फुलहॅम पाहिल्यावर ऐकलेला चौथा अध्याय दौंडजवळच्या माळावर विटामातीचा झाला. आणि त्याच रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू-ग्रीकवरून सबंध शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. खेड्यातल्या बाईला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. छपाईची कामे मुक्तीतल्या मुलींनी, बायकांनी केली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. ते शास्त्र १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पांडित्य आणि उपयोजन ही दोन वेगळ्या माणसांची कामे आहेत, असे ज्यांना वाटते त्यांनी केडगावचा छापखाना डोळ्यांसमोर आणावा.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी इथे एवढेच सांगतो की जातीच्या सोवळ्याची गाठ त्यांच्या मनातून बाप्तिस्म्याच्या आधीच सुटली होती. ज्यांनी ते पुस्तक केवळ विनोदासाठी वाचले असेल, त्यांनी पाण्याचे, स्वयंपाकाचे, शिवाशिवीचे प्रसंग पुन्हा काढून बघावेत. उपयोजनाचा इतका प्रांजळ आलेख मराठीत दुसरा मला माहीत नाही.

आता थोडे सिद्धान्ताकडे. फार वेळ घेत नाही. अठराव्या शतकात जर्मनीत भक्तिपंथी विचारांचे योहान याकोब राम्बाख होऊन गेले. शास्त्रवाचनाचे समजणे आणि विवरण हे दोन भाग सगळेच मानत. त्यांनी उपयोजन हा तिसरा भाग जोडला. पुढच्या विद्वानांनी हा तिसरा भाग उपदेशकांकडे सोपवून हात झटकले. १९६० साली हान्स-गेऑर्ग गाडामर या तत्त्वज्ञाने ‘सत्य आणि पद्धती’ या अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथात तो पुन्हा मध्यावर आणला. त्याचे म्हणणे असे की उपयोजन समजण्यानंतर येत नाही, ते समजण्याच्या आतच चाललेले असते. न्यायाधीशाला कायद्याचा अर्थ समोरच्या खटल्यातच पुरता कळतो. गाडामर चर्चसाठी लिहीत नव्हता, पण नाथानाचा प्रसंग त्याच्या ग्रंथात शोभला असता. आपल्याकडे पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात शिकवणारे येशूसंघी जॉर्ज सोअरेस-प्रभू (१९२९–१९९५) यांनी पाश्चात्त्य चिकित्सापद्धती आत्मसात करून मग विचारले की या देशातल्या गरिबाच्या आणि अस्पृश्याच्या जागेवरून शुभवर्तमान कसे दिसते. त्यांचे लेखन इंग्रजीत आहे. ते मराठीत आले पाहिजे; हे काम कुणा तरुणाने अंगावर घ्यावे, म्हणूनही हा उल्लेख.

शास्त्रातच उपयोजनाची एक मोठी सभा वर्णिलेली आहे. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा लोकांना नियमशास्त्र वाचून दाखवतो आणि लेवी लोकांत फिरून अर्थ समजावतात. लोक रडू लागतात. तेव्हा त्यांना रडणे थांबवून घरी जायला, गोडधोड खायला आणि ज्यांच्या घरी काही शिजलेले नाही त्यांच्याकडे वाटा पाठवायला सांगितले जाते. उपासनेत डोळे पाणावले म्हणजे वचन लागू पडले, असा आमच्याकडे एक समज आहे. या अध्यायात रडण्यापाशी गोष्ट थांबत नाही. ती शेजाऱ्याच्या ताटापर्यंत जाते.

ताटावरून सगळ्यांत अवघड धड्याकडे वळतो, कारण वऱ्हाडातल्या ख्रिस्ती घराला वर्षातून अनेकदा सामोरा येणारा प्रश्न ताटातलाच आहे: प्रसाद. शेजारच्या काकू सत्यनारायणाचा शिरा वाटीत घेऊन दारात उभ्या असतात. शेगावहून दर्शन घेऊन आलेला सहकारी प्रसादाचा डबा उघडून सगळ्यांपुढे धरतो. गणपतीच्या दिवसांत मुलगा मित्राकडून मोदक खाऊन येतो आणि आजी विचारते, आरतीच्या आधीचा की नंतरचा? यावर पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय आठ ते दहा, हा हुकमी उतारा. आणि खावा म्हणणारे व नको म्हणणारे, दोन्ही पक्ष त्याच तीन अध्यायांतून आपापली वचने काढून दाखवतात.

तीन अध्याय सलग वाचले की पौल तीन जागा वेगळ्या करतो, हे दिसते. पहिली जागा मूर्तीच्या मंदिरातली पंगत. तिथे बसू नये, हे तो स्पष्ट सांगतो. दुसरी जागा बाजार. मांस कुठून आले याची चौकशी न करता विकत घ्यावे आणि खावे. तिसरी जागा विश्वास न ठेवणाऱ्या स्नेह्याच्या घरचे जेवण. वाढले ते खावे. पण हे अर्पण केलेले आहे, असे कुणी आवर्जून सांगितले तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये. आता काकूंची वाटी यांपैकी कोणत्या जागेत बसते? काकू मंदिर घेऊन आलेल्या नाहीत, बाजारही नाही. घर आहे, पण आपले. ‘प्रसाद आहे’ असे त्या सांगतात, म्हणजे तिसऱ्या जागेतली अट पुरी झाली असे एक मत. पण करिंथात ते सांगणारा माणूस ख्रिस्ती पाहुण्याच्या निष्ठेकडे बोट दाखवत होता. काकू तशा बोलत नाहीत, त्या आपुलकीने आपल्या घरचा आनंद वाटतात, असे दुसरे मत. वऱ्हाडातली जुनी घरे बहुधा हात जोडून नाही म्हणतात. काही वाटी घेऊन बाजूला ठेवतात, काही प्रार्थना करून खातात. तिन्ही प्रकारची माणसे मी एकाच मंडळीत एका बाकावर पाहिली आहेत.

माझे मत विचाराल तर असे. या तीन अध्यायांत पौलाला शिऱ्याची काळजी नाही. त्याला एका माणसाची काळजी आहे. तो माणूस म्हणजे परवापरवापर्यंत नवस बोलणारा, आता नव्याने विश्वासात आलेला भाऊ. त्याच्यासाठी प्रसाद ही रिकामी गोष्ट नाही, त्याला ती ओढते. आमच्या घरात वाटी घ्यायची की नाही याचा निर्णय त्या भावाकडे पाहून व्हावा, म्हणून मी स्वतः नाही म्हणणाऱ्यांत आहे. पण नाही म्हणताना काकूंना बसवावे, चहा द्यावा, त्यांच्या घरच्या कार्याची विचारपूस करावी. आठव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात ज्ञान फुगवते आणि प्रीती उभारते, असा पौलाचा रोख आहे, आणि दारातून वाटी परत पाठवताना आपला चेहरा फुगलेला असतो की नाही हे काकूंना बरोबर दिसते. आणखी एक. नाताळच्या करंज्या आपण त्याच काकूंकडे पाठवतो आणि त्या आनंदाने घेतात. त्यांच्या बाजूने हा उतारा कसा वाचला जाईल, याचाही विचार व्हावा. उताऱ्यातली आपली जागा शोधताना आपण सगळे स्वतःला पौल समजतो. करिंथात पौल एकच होता, बाकी सगळी भांडणारी मंडळी होती.

शेतीवाडीच्या उताऱ्यांकडे मलकापूरकराचे कान अधिक तयार असतात. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा धनी सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला मजूर बोलावतो आणि सगळ्यांना एकच दिनार देतो. शहरातल्या उपदेशात हा दृष्टान्त लगेच देवाच्या कृपेकडे जातो. कापसाच्या वेचणीला गेलेल्या बाईला तो आधी मजुरीचा वाटतो, आणि तिचे ऐकले पाहिजे. वेचणीची मजुरी किलोवर असते. तरणी बाई ओटी भरभर भरते. सांधे धरलेली म्हातारी दिवसभर वाकूनही तिच्या निम्म्यावर राहते. दिनार ही त्या काळची एका दिवसाची रूढ मजुरी. म्हणजे धन्याने कामाचे माप न पाहता पोटाचे माप पाहिले. उशिरापर्यंत उभे असलेले मजूर आळशी नव्हते. आम्हाला कुणी कामाला लावले नाही, असे ते सांगतात. मागणाऱ्याला काम देण्याचा रोजगार हमीचा कायदा १९७७ साली करणाऱ्या महाराष्ट्राला हे वाक्य परके वाटू नये. यातून शेतमालकाने किलोचा हिशोबच मोडावा असा हुकूम निघतो का? मला वाटते, हुकूम निघत नाही, पण म्हातारीच्या गाठोड्याकडे बघण्याची सक्ती निघते. दर आठवड्याच्या बाजाराच्या आधी मजुरी हातात पडते की ‘पुढच्या वेचणीला बघू’, हे तर अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात सरळ सांगितले आहे: गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी. तिथे अर्थ लावण्याजोगे फारसे काही उरत नाही. त्याच अध्यायात शेतात विसरलेली पेंढी परत आणायला जाऊ नये आणि सरवा परक्यासाठी, अनाथासाठी, विधवेसाठी सोडावा असेही आहे. रूथ त्यावरच जगली.

मापाच्या बाबतीत जागा बदलून पाहण्याचा प्रयोग करण्यासारखा आहे. खोट्या मापांविरुद्ध लेवीयात आणि नीतिसूत्रांत वचने आहेत, आमोसाच्या आठव्या अध्यायात तर माप लहान करणारे आणि भुसा विकणारे व्यापारी आहेत. शेतकरी हा उतारा वाचतो तेव्हा त्याला अडत्याचा काटा आणि कटती आठवते, आणि ती आठवण खरीच असते. मग त्याच शेतकऱ्याने वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी शिंपडले असेल, तर तो आमोसासमोर कुठे उभा आहे? हा धडा सभेत घेताना खोकल्याची साथ येते.

भिंतीवरच्या कॅलेंडरांतली वचने हा वेगळाच प्रांत. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायाचे अकरावे वचन, देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत या आशयाचे, किती घरांत चौकटीत लावलेले असते! परीक्षेच्या आदल्या रात्री, नोकरीच्या मुलाखतीआधी ते वाचले जाते. ते पत्र बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना होते आणि अगदी आधीच्या वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक परत जाणार नव्हते. त्यांना सांगितलेले काम वेगळेच होते: परक्या नगरात घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या नगरात नेले त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. मुलाच्या गुणपत्रिकेसाठी हे वचन वापरू नये असे मी म्हणणार नाही. आईच्या धास्तीला आधार लागतो. पण चौकटीत पाचव्यापासून सातव्यापर्यंतची वचनेही यावीत. मग नगरपालिकेची नळपट्टी वेळेवर भरणे, वॉर्डातल्या सभेला जाणे, हेही त्या चौकटीत येते.

नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात चौथे वचन मूर्खाला उत्तर देऊ नको म्हणते आणि पाचवे दे म्हणते. संकलन करणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवली, कारण कुणाला कधी उत्तर द्यायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. वचन पाठ असणे आणि वेळ ओळखणे ही दोन कामे आहेत, हे शिकवायला याहून नेटकी जागा नाही. घरगुती व्हॉट्सॲप गटांवर हा धडा आधी घ्यावा.

आजारपणाविषयी थोडेच, पण ते टाळता येत नाही. बरे करणारा ख्रिस्त ही ज्या मंडळ्यांची शिकवण, तिथे याकोबाचा पाचवा अध्याय, वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करण्याचा, जिवंत आहे आणि असावा. पण त्याच नव्या करारात पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, आणि त्रफिमाला मिलेतात आजारीच सोडून आल्याचे लिहितो. पौलाच्या प्रार्थनेत विश्वास कमी पडला, असे त्रफिमाला कुणी सांगितले नसावे. मधुमेहाच्या गोळ्या बंद करून उपास धरणाऱ्याला ही तिन्ही पाने एकत्र दाखवावीत. वाशीमला रुग्णालय बांधणारे याकोबाचा पाचवा अध्याय वाचूनच बांधत होते.

आता जो धडा लिहिताना लेखणी अडली तो. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर जेवत असतो. याकोबाकडची माणसे आल्यावर तो हळूच पंगतीतून उठतो. पौल त्याला सर्वांसमोर बोलतो. महाराष्ट्रातल्या मंडळ्या मुख्यतः महार, मांग आणि इतर तळच्या जातींतून आलेल्यांनी भरल्या. त्यांच्यासाठी ख्रिस्तात भेद नाही हे वाक्य मुक्तीचे होते. तरीही सोयरीक जुळवताना, मंडळीच्या निवडणुकीत, मिशनच्या जमिनींच्या वादात पूर्वीची जात हळूच पंगतीतून उठते. धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके हेच विचारले होते: ख्रिस्ती झाल्याने जात गेली का, आणि धर्मांतरिताने आपल्या मागे राहिलेल्या बांधवांसाठी काय केले? तो निबंध आपल्या उपासनागृहांत फारसा वाचला जात नाही. दुसऱ्या अध्यायाबरोबर तो वाचावा, अशी या पुस्तकाची शिफारस आहे. इथे अरविंद निर्मल यांच्यासारख्या दलित ईशज्ञानींनी अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायातल्या भटक्या पूर्वजाच्या कबुलीजबाबाचा जो वापर केला, तोही उपयोगी पडतो. तिथे इस्राएल आपण कोण होतो हे लपवत नाही. देवासमोर टोपली ठेवताना तेच आधी सांगतो.

पुस्तक कसे वापरावे हे थोडक्यात. एकट्याने वाचता येईल, पण चार-सहा जणांच्या घरसभेत वाचावे. त्यात एक तरी माणूस असा असावा ज्याच्याशी आपले पटत नाही. प्रत्येक धड्यात उतारा पूर्ण वाचावा, एक वचन उचलून घेऊ नये. नंतर उताऱ्यातली सगळी माणसे मोजावीत, न बोलणारीही, आणि प्रत्येकाने आपली जागा सांगावी. दुसऱ्याची जागा सांगायची मनाई आहे. नाथानाचे काम करण्याचा मोह फार होतो. शेवटी एकच कृती ठरवावी, आठवड्यात पुरी होईल अशी. धुऱ्याचे भांडण असेल तर मत्तयाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जाणे, ही एका संध्याकाळची कृती आहे. मोजणीची तारीख नंतरही घेता येते.

उत्तरे या पुस्तकात कमी आहेत. दोन धड्यांत तर मी दोन विरुद्ध मते मांडून निर्णय वाचकावर सोडला आहे, आणि एका ज्येष्ठ पाळकांना ते मुळीच आवडलेले नाही. त्यांचे आक्षेप त्या त्या धड्यांच्या शेवटी त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या संमतीने छापले आहेत.

सुरुवात कुठून करावी असे विचाराल तर पहिल्या धड्यापासून करू नका. फिलेमोनाच्या पत्रापासून करा. ते पंचवीस वचनांचे आहे, एका बैठकीत तीनदा वाचून होते. पळून गेलेला दास अनेसिम ते पत्र घेऊन आपल्याच धन्याच्या दारात उभा आहे. धन्याच्या घरात मंडळी भरते, म्हणजे पत्र सर्वांसमोर वाचले जाणार. अमेरिकेत गुलामी टिकवू पाहणाऱ्यांनीही हे पत्र वाचले आणि मोडू पाहणाऱ्यांनीही. फिलेमोनाने पुढे काय केले ते पत्रात नाही. घरसभेत आधी ठरवा, वाचताना तुम्ही दाराच्या आत आहात की बाहेर. आणि तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना त्या दिवशी बसायला बोलावता आले, तर बोलवा.